पाचवं पान

"वाईट शब्द तोंडातून काढू नकोस, घराला ऐकू येतं."

आईचं हे सांगणं माझ्या कानात अजून तसंच आहे. तिच्या शेवटच्या आजारात समाचाराला आलेली एक बाई खाटेशी उभी राहून "आता काही खरं नाही" असं म्हणाली, तेव्हा आईने तेवढ्या अशक्तपणातही हात वर करून तिला थांबवलं. ती बाई गेल्यावर आईने मला जवळ बोलावून पुन्हा तेच सांगितलं. धाकटी दाराशी उभी होती. ती म्हणाली, "अगं, पण खरं असेल तर?" आई नुसती हसली आणि डोळे मिटून पडली. त्या प्रश्नाचं उत्तर माझ्यावर टाकून गेली बहुतेक.

मी आईचं ऐकत आले. सकाळी अंघोळ करून दिवा लावायचा, पोथीचं एक पान मोठ्याने वाचायचं, दिवसभरात खोटं बोलायचं नाही आणि अभद्र बोलायचं नाही. यात खंड पडू द्यायचा नाही असं मी स्वतःशी ठरवलेलं. मग एका शाळेच्या कार्यालयात जायचं, आवक-जावक बघायची आणि तीनला घरी यायचं. आम्ही दोघी बहिणीच राहतो. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. त्यातली एक खोली धाकटीच्या कामाची.

काम म्हणजे खेळणं. हे लोकांना समजावताना माझी दमछाक व्हायची. "तुमची बहीण काय करते?" "कॉम्प्युटरवर गेम खेळते आणि ते लोक बघतात." "हो, पण करते काय?" शेवटी मी "समीक्षा करते" असं सांगायला लागले. धाकटीला ते कळलं तेव्हा ती आठवडाभर हसत होती.

तिच्या चॅनेलचं नाव 'कच्चं लिंबू'. लहानपणी गल्लीतल्या खेळात ती सगळ्यांत लहान, म्हणून तिला कुणी आऊट करायचं नाही. पळायची सगळ्यांबरोबर, पण तिला मोजायचं कुणी नाही. "त्याचा सूड उगवतेय," ती म्हणायची. "आता दिवसातून दहादा आऊट होते आणि लोक बोटांवर मोजतात." प्रेक्षक तिला लिंबू म्हणायचे. पुढे मी शेजारी बसायला लागले तेव्हा माझं नाव आपोआपच मोठं लिंबू पडलं.

रोज चारला ती लाइव्ह जायची. मोठ्या कंपन्यांचे गेम ती घ्यायची नाही. एकट्यादुकट्याने घरात बसून केलेले, पाच-सहा वर्षं खपून केलेले छोटे गेम घ्यायची. त्यातही तिचा जीव पत्त्यांच्या गेमवर. सुरुवातीला हातात दहा साधी पानं असतात. वाटेत एकेक पान मिळवत आपला कॅट आपणच घडवायचा. मेलात की सगळं जातं. पानं जातात, वाटही बदलते, पुन्हा पहिल्यापासून. एक तास खेळून ती आपलं मत सांगायची. त्या कार्यक्रमाचं नाव 'पहिली ओळख'. दोन-अडीचशे माणसं बघायची, पण तिच्या शब्दावर गेम घेणारी किंवा न घेणारी.

मी भाजी निवडत दारातून ऐकायचे. एका दीपगृहाच्या गेममध्ये राखणदार मेला की पुढच्या राखणदाराला त्याची वही सापडायची. धाकटी म्हणाली, "छान आहे, पण फार लाड करतो. मेल्यावर इतकं मागे उरायला लागलं तर मरायची भीती कशी वाटणार?" मधमाश्यांच्या एका गेमबद्दल म्हणाली, "तीन पानं पुढे आली की एक उचलायलाच हवं असं नाही. 'काहीच नको' असं बटण कोपऱ्यात असतं, बारीक अक्षरात. ज्याला ते बटण दिसलं त्याला हा गेम कळला. कॅट भरला की माणूस बुडतो." आणि एका कारकुनाच्या गेमबद्दल, जो तळघरातल्या फायलींमध्ये राक्षसांशी लढायचा, ती म्हणाली होती, "तासाभरात अकरा वेळा मेले. अकराही वेळा चूक माझीच. डोळे मिटून घ्या हा गेम."

तिची कसोटी एकच होती. "गेमने खुशाल मारावं, पण सांगून मारावं. कुठून काय येणार आहे ते पानावर लिहिलेलं असेल तर मी मेले तरी माझी तक्रार नाही. लपवून मारणारा गेम मी कुणाला घ्या म्हणणार नाही."

मग तिचे डोळे बिघडले. पहिल्यांदा अक्षरांच्या मधोमध डाग दिसायला लागला. बघायला जावं ते नाहीसं व्हायचं आणि कडेचं मात्र दिसायचं. माझ्या चेहऱ्याकडे बघताना ती माझ्या कानाकडे बघायची. "तुझे कान सुंदर आहेत, हे मला आत्ता कळलं," असं म्हणायची. तपासण्या झाल्या, औषधं झाली. पानांचे रंग, आकार तिला कळायचे, पण त्यांवरचं लिहिलेलं वाचता येईना. प्रेक्षकांना तिने एवढंच सांगितलं की डोळे थकलेत, आजपासून पानं ताई वाचणार.

पहिल्या दिवशी माईक माझ्याकडे सरकवून तिने मला बजावलं, "ताई, लिहिलंय तेवढंच. पदरचं घालू नकोस आणि काही गाळू नकोस. चॅटमध्ये कुणी शिव्या दिल्या तरी वाच."

"शिव्या कशा वाचू गं?"

"बरं, शिव्या असतील तिथे 'शिवी' म्हण."

असं आमचं सुरू झालं. पोथी वाचून माझी जीभ वळलेली होती, त्यामुळे पानं वाचणं जड गेलं नाही. "कुऱ्हाड. सहा घाव. किंमत एक." "जुनी ढाल. पाच वार अडवते." मी संथ सुरात वाचायचे आणि ती कडेच्या नजरेने पान शोधून माऊस नेमका तिथे न्यायची. 'झोपाळू_वाघ' नावाचा एक प्रेक्षक रोज लिहायचा की मोठ्या लिंबूने 'विषारी कट्यार' म्हटलं तरी अंगावरून हात फिरवल्यासारखं वाटतं. मी तेही वाचायचे. धाकटी म्हणायची, "लाजली, लाजली. हे गेममध्ये नाहीये, हे मी सांगतेय."

चार महिने असे गेले. ते महिने फार सुखाचे होते, हे मी इथे लिहून ठेवते. पुढचं लिहिताना ते विसरायला होतं.

'वळणापलीकडे' नावाचा एक गेम आला. एका माणसाने एकट्याने केलेला. नदीतून नाव न्यायची, काठाकाठाने उतारू घ्यायचे. प्रत्येक उतारू म्हणजे एक पान. कुणी वल्हं मारतो, कुणी पाणी उपसतो, कुणी नुसता गातो आणि सगळ्यांचं बळ वाढतं. पुढच्या वळणावर खडक आहे की भोवरा, ते कोपऱ्यातल्या नकाशात आधी दिसतं. धाकटी पहिल्या दहा मिनिटांतच हरखली. "हे बघा, हा गाणारा म्हातारा काही करत नाही, म्हणून तुम्ही त्याला घेणार नाही. घ्या. माझं ऐका."

तिसऱ्या घाटावर काहीतरी बिनसलं आणि नावेत एक 'ओझं' आलं. या गेममध्ये चूक झाली की ओझ्याचं पान आपोआप कॅटात येतं. ते खेळता येत नाही. नुसतं हातात येऊन जागा अडवतं. पुढच्या हातात पाच पानं आली. मी वाचत गेले. वल्हेकरी. वल्हेकरी. घागर. गाणारा म्हातारा. पाचवं पान काळ्या किनारीचं होतं. त्यावर लिहिलं होतं, 'अंधत्व. हे पान हातात असेपर्यंत पुढचं वळण दिसत नाही.'

ते मी मनातच वाचलं.

"पाचवं?" धाकटीने विचारलं.

"ते खेळता येत नाही," मी म्हणाले.

"ओझं असेल. काय म्हणतंय?"

"काही नाही गं. नुसतं पडून राहतं."

ते खेळता येत नव्हतं, हे खरं. ते पडून राहायचं, हेही खरं. तिच्या शेजारी बसून, अडीचशे माणसांच्या कानांवर, तिच्याच घरात मी तो शब्द उच्चारणार नव्हते.

"पुढच्या वळणावर काय आहे?"

"काही दिसत नाहीये."

तेही खरंच होतं. तिने नाव पुढे नेली आणि ती खडकावर फुटली. दुसरा डाव. पुन्हा ओझं, पुन्हा तेच पान, पुन्हा मी तशीच. तिसरा डाव. चॅटमध्ये ओळी धावायला लागल्या. 'अंधत्व आहे ना हातात, घाटावर उतरवा ते.' 'वाचा की पाचवं पान.' 'मोठ्या लिंबूला झोप लागली का.' त्यात दोघांनी नुसतेच हसरे चेहरे टाकले होते.

"चॅट काय म्हणतंय?"

"हसतायत," मी म्हणाले.

तासाभराने धाकटीने माऊस सोडला आणि खुर्ची मागे घेतली. आवाजात राग नव्हता, वाईट वाटलं होतं. "गेम देखणा आहे, गाणं गोड आहे, म्हातारा तर मी घरी आणीन. पण हा गेम लपवतो. मध्येच नकाशा बंद पडतो आणि का पडला ते सांगत नाही. मला कळलं असतं की पुढचं दिसणार नाहीये, तर मी दुसरं काहीतरी केलं असतं. थांबले असते. घाटावर वस्ती केली असती. न सांगता मारलं मला. माझ्याकडून नको."

त्याच वेळी चॅटमध्ये 'घाटावरचा' या नावाने एक ओळ आली. 'नमस्कार, हा गेम मी केलाय. सहा वर्षं लागली. ते पानावर लिहिलंय हो. कृपा करून कुणीतरी त्यांना पाचवं पान वाचून दाखवा.'

ती ओळ मी तीनदा वाचली. मनात. मग धाकटीने सगळ्यांना राम राम केला आणि बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी मी तीनला घरी आले तर आतल्या खोलीतून एक बाई बोलत असल्यासारखं ऐकू आलं. धाकटी पलंगावर बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. शेजारी फोन पडला होता आणि त्यातून कालच्या व्हिडिओखालच्या प्रतिक्रिया वाचून दाखवणारा सपाट आवाज येत होता. "झोपाळू वाघ. दोन तासांपूर्वी. पाचवं पान अंधत्व होतं. मोठ्या लिंबूने वाचलंच नाही. तिसरी घंटा. एक तासापूर्वी. बिचाऱ्या माणसाचा गेम फुकट बुडवला."

मी दारातच थांबले.

"ये, बस," धाकटी हातातली घडी न थांबवता म्हणाली. "ही बाई फार सपाट बोलते. पण वाचते."

"कधीपासून ऐकतेस हे?"

"झाले दोन महिने. तू कामाला गेलीस की शिकत बसते. तुझा घसा बसला तर काय करायचं, म्हणून." तिने फोन पालथा केला. आवाज बंद झाला. "पान काय होतं ते मला कळलंय. पण मला तुझ्या तोंडून ऐकायचंय."

मी पिशवीचे बंद हातात गुंडाळत राहिले.

"ताई."

"अंधत्व," मी म्हणाले.

आमच्या घरात तो शब्द पहिल्यांदाच माणसाच्या तोंडून निघाला. काहीही झालं नाही. पंखा फिरत होता, बाहेर कुणीतरी जिन्याने उतरत होतं.

"आणि त्या माणसाने लिहिलं होतं, ते? ते तुला दिसलंच नाही?"

"वाचलं. मनात."

"मनात! वा. मनात वाचणाऱ्या बाईच्या हातात मी माईक दिला."

"मी खोटं नाही गं बोलले. बघ हवं तर, एकही शब्द खोटा नव्हता."

"हो ना. तेच तर म्हणतेय." तिने घडी घातलेला सदरा पुन्हा उलगडला आणि पुन्हा घडी घालायला घेतला. "तुझा नेम शाबूत राहिला. सहा वर्षं खपलेल्या माणसाला मी लबाड ठरवून मोकळी झाले. तुला माहीत होतं की तो लबाड नाहीये. तू शेजारी बसून होतीस."

मला रडू येत होतं, पण आत्ता रडणं म्हणजे तिच्याकडून समजूत काढून घेणं, एवढं मला कळत होतं. मी उभीच राहिले.  ती सदऱ्याच्या बाह्या हातांनी चाचपून जुळवत होती. मग तिचे हात थांबले.

"ताई, आणखी काय काय वाचलं नाहीस?"

तिने हे विचारलं नसतं तर मी सांगितलं असतं का? मला खरंच माहीत नाही.

डोळ्यांच्या दवाखान्यातलं पत्र कपाटात, साड्यांच्या खाली होतं. सहा महिन्यांपूर्वीचं. तेव्हा मी तिला त्यातल्या दोन ओळी वाचून दाखवल्या होत्या. उजव्या डोळ्यात गेल्या खेपेपेक्षा फरक नाही. दर दोन महिन्यांनी तपासणीला यावं. दोन्ही ओळी पत्रात होत्या. त्यानंतरच्या प्रत्येक तपासणीला, नर्सने हाक मारण्याआधी, मी "फाईल देऊन येते" म्हणून एकटी आत जायचे आणि डॉक्टरांना हात जोडायचे. तिला आत्ता सांगू नका, मी घरी सांगते. पहिल्या खेपेला डॉक्टर म्हणाले होते, "घरी सांगा, पण सांगा."  दुसऱ्या खेपेला मी दार उघडताच त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला होता.

मी पत्र आणलं. तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि वरच्या तारखेपासून वाचायला घेतलं. आवाज हलू नये म्हणून पोथी वाचताना धरते तसा सूर धरला. "दोन्ही डोळ्यांची मधली दृष्टी साधारण वर्षभरात पूर्णपणे जाईल. कडेची दृष्टीही कमी होत जाईल. सध्याच्या उपचारांनी हे थांबणार नाही. रुग्णाला याची स्पष्ट कल्पना द्यावी."

"तारीख परत वाच."

मी वाचली.

"म्हणजे सहा उरले."

"साधारण, असं लिहिलंय."

"ते 'साधारण' तू घातलंस की लिहिलंय?"

"लिहिलंय गं."

तिने हात पुढे केला. मला वाटलं माझा हात हवाय. मी दिला, तर तिने तो हलकेच बाजूला करून पत्र घेतलं, मांडीवर सपाट केलं, फोन त्याच्यावर धरला. सपाट आवाजातली बाई सुरू झाली. तारखेपासून सगळं वाचत आली. "साधारण वर्षभरात," ती बाई म्हणाली. धाकटीने मान हलवली आणि फोन खाली ठेवला.

आयुष्यात मला बरंच काही लागलंय. हे त्या सगळ्याहून खोल गेलं. पण माझ्या लागण्याला तिथे काही जागा नव्हती.

"मागच्या महिन्यात छोट्या गेमवाल्यांचा मेळा होता ना," ती म्हणाली. "मला बोलावलं होतं. ओळीने टेबलं मांडतात. ज्याने गेम केलाय तो माणूस तिथे स्वतः उभा असतो, आणि आपण खेळताना तो आपल्या चेहऱ्याकडे बघतो, आपण त्याच्याकडे बघतो. मला ते एकदा बघायचं होतं. मी म्हटलं, यंदा दगदग नको, पुढच्या वर्षी जाऊ. तू 'हो' म्हणून मान हलवलीस." ती माझ्या कानाच्या दिशेने बघत होती. "मला ते दिसलं होतं गं तेव्हा. तुझं मान हलवणं."

मी म्हणाले, "मला वाटलं, जितके दिवस तुला माहीत नाही तितके दिवस तू सुखात राहशील."

"माझे दिवस तू का खेळलीस?" ती म्हणाली, अगदी हळू. "माझे होते ना ते. मी वाईट खेळले असते, रडत खेळले असते. पण मी खेळले असते."

ती उठली, कपड्यांचा गठ्ठा छातीशी धरला आणि भिंतीला हात लावत आत गेली. भिंतीला हात लावून चालताना मी तिला पहिल्यांदा बघितलं. की आधीही चालायची आणि मी बघितलं नव्हतं, कोण जाणे.

तीन दिवस आमच्यात 'जेवायला ये' आणि 'दार लाव' याखेरीज बोलणं झालं नाही. सकाळी मी दिव्यापुढे बसायचे. पोथी उघडायचे आणि पहिल्या ओळीलाच वाटायचं की यातलंही काही मी इतकी वर्षं गाळत आलेय का. चौथ्या दिवशी चार वाजता तिने हाक मारली, "ये. बस शेजारी. वाचायचं नाहीये, नुसतं बस."

माझ्यासमोरचा माईक तिने फोनजवळ ठेवला होता आणि फोनचा कॅमेरा पडद्याकडे वळवला होता. लाइव्ह झाल्यावर ती म्हणाली, "मंडळी, आज पहिली ओळख नाही. आज माफी आहे. मला दिसत नाही. डोळे थकलेत असं मी सांगितलं होतं, ते खोटं होतं. म्हणजे मलाही पूर्ण माहीत नव्हतं. थोडं दिसतं, तेही जाणार आहे. 'वळणापलीकडे' गेमने माझ्यापासून काहीही लपवलं नव्हतं. पान माझ्यापर्यंत पोचलं नाही, तो आमच्या घरातला घोटाळा आहे. गेम करणाऱ्याची मी हात जोडून माफी मागते."

माझं नाव तिने घेतलं नाही.

चॅटमध्ये एकदम गर्दी झाली. फोनमधली बाई वाचायला लागली. "रडणारा चेहरा. रडणारा चेहरा. लिंबू. रडणारा चेहरा. हृदय. रडणारा चेहरा. काळजी घ्या. रडणारा चेहरा."

"अरे, पुरे," धाकटी म्हणाली. "ही बाई तुमचं रडणं भाजीच्या यादीसारखं वाचतेय. माझं हसू थांबत नाहीये."

ती हसत होती हे खरं. मी शेजारी होते म्हणून मला तिचा खालचा ओठ दिसत होता.

मग बाईने वाचलं, "घाटावरचा. माफी कशाला. मला माहीत असतं तर मी असं नावच दिलं नसतं. मी त्या पानाचं नाव बदलतो. आज बदलतो. दाट धुकं म्हणतो."

"खबरदार!" धाकटी म्हणाली. "हात लावू नका त्या पानाला. ते पान बरोबर आहे. आता गप्प बसा सगळे, मला खेळू द्या."

ती खेळली. बाई एका सुरात पानं वाचत होती, गाणाऱ्या म्हाताऱ्यालाही 'गाणारा म्हातारा, किंमत शून्य' म्हणून मोकळी होत होती. मी हात मांडीवर ठेवून बसले होते. बोलायची सवय इतकी की प्रत्येक पान दिसताच माझे ओठ हलायचे. तिसऱ्या घाटावर ओझं आलं. "अंधत्व," बाई म्हणाली. "हे पान हातात असेपर्यंत पुढचं वळण दिसत नाही."

धाकटी थांबली. माऊसवरचा हात तसाच. घाटावर एक उतारू कायमचा सोडून दिला तर ओझं उतरवता येतं. तिने म्हाताऱ्याच्या पानावर माऊस नेला, तिथे थोडा वेळ ठेवला आणि काढून घेतला. "राहू दे त्याला," म्हणाली. मग दोन खेळ्या काठावर थांबली, नाव डागडुजी करून घेतली, घागरी वाढवल्या. आणि निघाली. चार वळणं सुखरूप गेली. पाचव्या वळणावर खडक होता.

"फुटली," ती म्हणाली. "दिसला नाही. पण दिसणार नाही असं लिहिलं होतं. म्हणून तर चार वळणं निघाली. घ्या हा गेम. माझ्याकडून घ्या."

सगळं बंद केल्यावर ती खुर्चीतच बसून राहिली. खोलीत संध्याकाळचा उजेड होता, आणि त्यातला किती तिच्यापर्यंत पोचत असेल याचा अंदाज घ्यायचा मी प्रयत्न करत होते.

"उद्या तपासणी आहे," ती म्हणाली.

"हो. अकराला."

"येशील?"

"म्हणजे काय, येणारच."

"मग ऐक. फाईल माझ्याकडे राहील. तू आधी आत जायचं नाहीस. मी विचारीन आणि ते मला सांगतील. कितीही वाईट असलं तरी तू मध्ये बोलायचं नाहीस, हात जोडायचे नाहीत, खुणा करायच्या नाहीत. डॉक्टरांकडे बघायचंसुद्धा नाही."

"मग बघू कुठे?"

"माझ्याकडे बघ," ती म्हणाली. "कुणीतरी नीट बघून ठेवायला हवं."

मी "बरं" म्हणाले. तिला ते पुरेसं वाटलं नसावं. "शब्द दे," म्हणाली. मी दिला. तिने मला क्षमा केली असं मी म्हणणार नाही. पानं अजून ती फोनकडूनच वाचून घेते, आणि माझ्यासमोर माईक परत आलेला नाही.

दुसऱ्या दिवशी अकराला आम्ही दवाखान्याच्या बाकावर बसलो होतो. समोर दोन माणसं डोळ्यांत औषध घालून मान मागे टाकून बसली होती. धाकटीच्या मांडीवर फाईल होती आणि तिने ती दोन्ही हातांनी धरली होती. डॉक्टरांच्या खोलीचं दार उघडलं. नर्सने बाहेर डोकावून मला ओळखलं आणि दार अर्धवट धरून ठेवलं, नेहमी धरायची तसंच.

"या ताई," ती खालच्या आवाजात म्हणाली. "त्यांना बसू द्या जरा. तुम्ही आधी येताय ना?"

दाराच्या फटीतून डॉक्टर दिसत होते. चष्मा काढून त्यांनी टेबलावर ठेवला होता आणि ते माझ्याकडे बघत होते. धाकटी समोरच्या भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं, पण तिने माझा पदर धरला नाही.

मी मान हलवून नाही म्हटलं. मग लक्षात आलं की मान हलवलेली तिला दिसायची नाही.

"आम्ही दोघी येतोय," मी म्हणाले. उठले, माझं कोपर तिच्या हाताला लावलं. तिने ते धरलं. डॉक्टरांवरची नजर मी काढून घेतली, तिच्या चेहऱ्यावर ठेवली आणि तोंड मिटून तिच्याबरोबर दाराकडे चालायला लागले.